खंड सरकतात हे पटायला पन्नास वर्षं का लागली

प्रश्न असा आहे: वैज्ञानिक क्रांतीमुळे जगाबद्दलची माणसाची समज बदलते म्हणतात, पण बदलते म्हणजे नेमकं काय होतं? त्यालाच जोडून दुसरा: नवं सत्य सांगणाऱ्याला आधी वेड्यात काढतात आणि पुढे तोच खरा ठरतो, हे जर नेहमीचंच असेल, तर आज ज्यांना वेड्यात काढलं जातंय त्यांच्याबद्दल काय समजायचं?

या प्रश्नाला कोपर्निकस, डार्विन, आइन्स्टाइन ही उत्तरं ठरलेली आहेत आणि त्यांच्यावर मराठीत भरपूर लिहून झालं आहे. मी भूशास्त्राचा माणूस. उमेदीची वर्षं सह्याद्रीतले बेसाल्टचे थर बघण्यात आणि ते विद्यार्थ्यांना दाखवण्यात गेली. म्हणून माझ्याच विषयातली क्रांती घेतो. खंड सरकतात, समुद्राचा तळ सतत नवा होत असतो आणि पर्वत, भूकंप, ज्वालामुखी यांची मुळं बरीचशी त्या सरकण्यात आहेत, ही समज साधारण १९१२ ते १९६८ या काळात घडली. माझे शिक्षक ज्या पुस्तकांवर शिकले त्यांत ती नव्हती. आम्हाला शिकवताना त्यांना स्वतःच्या जुन्या वह्या बाजूला ठेवाव्या लागल्या. हे इतक्या जवळून बघितल्यामुळे ठामपणे सांगतो की ‘एक द्रष्टा आणि बाकी सगळे आंधळे’ ही गोष्ट खरी नाही. खरी हकीकत जास्त गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते जास्त कामाची.

सुरुवात चंद्रपूरपासून करू. शहराच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या काठी, इरई गावाजवळ चुनखडीचा एक उघडा कातळ आहे. तो घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर एकमेकांना समांतर असे लांबच लांब ओरखडे आहेत. त्याच्या वरचा थर बघितला की बारीक चिखलाच्या दगडात मुठीएवढ्या गोट्यांपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सगळं अस्ताव्यस्त रुतलेलं दिसतं. नदी असं करत नाही. नदी गाळ निवडते. धोंडे आधी टाकते, वाळू पुढे नेते आणि चिखल सगळ्यांत शेवटी सोडते. लाटाही निवडतात. बर्फ मात्र निवडत नाही. हिमनदीच्या पोटात अडकलेले दगड खालच्या कातळावरून पॉलिश पेपरसारखे फिरतात, ओरखडे काढतात, आणि बर्फ वितळला की लहानमोठं सगळं आहे तिथेच पडतं. ओडिशातल्या तालचेरच्या अशाच थराबद्दल हे निदान ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्ये केलं. इरईचे ओरखडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना १८७० च्या दशकात सापडले. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो त्या चंद्रपुरात सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनदी वाहत होती.

आता हेच थर दक्षिण आफ्रिकेत आहेत, ब्राझीलमध्ये आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत, सगळे जवळपास एकाच काळातले. सगळी पृथ्वीच थंड पडली होती म्हणावं, तर त्याच सुमारास युरोप आणि उत्तर अमेरिकेत दलदलीची घनदाट जंगलं होती. तिथला दगडी कोळसा त्यांचाच. आणखी पेच म्हणजे ओरखड्यांची दिशा. ब्राझीलमधले ओरखडे सांगतात की बर्फ आग्नेयेकडून आला. आज त्या दिशेला अटलांटिक समुद्र आहे. हिमनदी समुद्रात जन्मून जमिनीवर चढत नाही.

याच थरांच्या लगत, कोळशाबरोबर, ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पानं सापडतात. नागपूर जिल्ह्यातल्या कामठीच्या थरांत ती आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी त्या भागातले वनस्पतींचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच गोळा केले होते. तीच पानं आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले. गाडी ओढायचं त्राण उरलं नव्हतं तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची पानं निघाली. म्हणजे अंटार्क्टिकातही तीच.

हे सगळं, खंड सरकतात असं पुढे मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरच्या आधी माहीत होतं, किंवा त्याला कोण कुठला म्हणून कोणी ओळखत नव्हतं तेव्हापासून माहीत होत होतं. मग भूशास्त्रज्ञ त्याचा अर्थ काय लावत होते? ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये दक्षिणेकडच्या या जोडलेल्या प्रदेशाला गोंडवनालँड म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की पृथ्वी तापलेली होती, ती थंड होताना आकसत गेली, त्यात जमिनीचे काही भाग खचून समुद्र झाले. भारत आणि आफ्रिका यांच्या मध्येही जमीन होती, ती बुडाली. बाकीचे अभ्यासक बुडालेल्या जमिनीऐवजी अरुंद भूसेतू मानत. आज हे ऐकून विद्यार्थी हसतात. हसू नये. त्या वेळच्या माहितीत ते चांगलंच बसत होतं.

ते बसेनासं झालं, त्याला कारण भारतातली मोजणी. जॉर्ज एव्हरेस्टच्या सर्वेक्षणात सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अक्षांशाचं अंतर दोन रीतींनी काढलं होतं: एकदा जमिनीवर त्रिकोण मांडून आणि एकदा ताऱ्यांवरून. दोन्हींत सव्वापाच सेकंदांचा (कोनाचे सेकंद, एका अंशाचे ३,६०० होतात) फरक आला, म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरांहून थोडा जास्त. साखळीने आणि कोन मोजायच्या थिओडोलाइटने सहाशे किलोमीटर मोजणाऱ्या त्या लोकांच्या दृष्टीने हा फरक अक्षम्य होता. कलकत्त्याचे आर्चडीकन (चर्चचे वरिष्ठ अधिकारी) जॉन प्रॅट गणिती होते. त्यांनी विचार केला की हिमालयाचं वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार, त्यामुळे ताऱ्यांचं माप चुकतं. गणित मांडलं तर उलटंच निघालं: हिमालयाने जवळपास सोळा सेकंदांचा फरक पाडायला हवा होता, पडला एक तृतीयांश. इतका मोठा पर्वत आणि त्याची ओढ एवढी कमी? १८५५ मध्ये जॉर्ज एअरींनी खुलासा दिला की पर्वताखाली हलक्या खडकाचं खोल मूळ आहे आणि तो खालच्या जड थरावर तरंगतो आहे.

खंड हलके आहेत आणि तरंगतात हे एकदा मान्य केलं की ते बुडू शकत नाहीत. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्थिती अशी: जीवाश्मवाले सांगत होते की मध्ये जमीन होती, भौतिकीवाले सांगत होते की जमीन बुडू शकत नाही. दोघांचे पुरावे भक्कम. दोघं एकमेकांच्या सभांना जात नव्हते. त्यातच किरणोत्सर्गाचा शोध लागला आणि पृथ्वीच्या पोटात उष्णता नव्याने तयार होते हे कळलं, तेव्हा आकसण्याचा सिद्धान्तही लंगडा झाला. माझ्या अनुभवात क्रांतीच्या आधीची अवस्था ही अशीच असते. अज्ञान फार नसतं. एकमेकांशी न जुळणारी पक्की माहिती साठलेली असते.

आल्फ्रेड वेगेनर जर्मन. पीएचडी खगोलशास्त्रात, नोकरी हवामानशास्त्रात. ६ जानेवारी १९१२ ला फ्रांकफुर्टच्या व्याख्यानात त्यांनी पहिल्यांदा मांडलं की खंड एकेकाळी एकत्र होते आणि नंतर दूर गेले. १९१५ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यांची खरी कामगिरी नकाशावर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांची जुळणी दिसली ही नव्हे. ती शेकडो वर्षं लोकांना दिसत होती. त्यांनी प्रश्नच बदलला. बाकीचे विचारत होते की हे झाड समुद्र ओलांडून पलीकडे कसं गेलं. वेगेनरनी विचारलं की झाड होतं त्या वेळी ती जमीन कुठे होती. एवढ्या एका बदलाने जीवाश्मवाले आणि भौतिकीवाले दोघंही बरोबर ठरत होते. जमीन बुडाली नाही, सेतूही नव्हता. जमिनी शेजारी शेजारी होत्या आणि सरकल्या. सगळ्या दक्षिणेकडच्या खंडांना ध्रुवाभोवती एकत्र आणलं की ओरखडे एका मध्यापासून बाहेर पसरतात आणि ब्राझीलचा बर्फ समुद्रातून न येता आफ्रिकेच्या बाजूने येतो.

एवढं सुंदर उत्तर असूनही ते का नाकारलं गेलं? इथे माझं मत बऱ्याच लोकांना आवडत नाही. नाकारण्याची कारणं चांगली होती. वेगेनर सांगत होते की खंड समुद्रतळाच्या खडकातून वाट काढत पुढे जातात. ढकलतं कोण, तर पृथ्वीच्या फिरण्यातून येणारं बळ आणि चंद्रसूर्यांच्या भरतीओहोटीचं बळ. केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज यांनी हिशोब करून दाखवलं की ही बळं कितीतरी पट अपुरी आहेत, आणि समुद्रतळाचा खडक एवढा कठीण आहे की खंड त्यातून जाण्याऐवजी स्वतःच मोडेल. हा हिशोब आजही बरोबर आहे. पुढे, ग्रीनलंडच्या रेखांशाच्या मापांवरून वेगेनरनी काढलेला वेग वर्षाला दहा मीटरांहून जास्त निघत होता. खरा वेग वर्षाला दोनएक सेंटिमीटर. पाचशे पटींहून जास्त फरक. टीकाकारांनी ही मापं विश्वासार्ह नाहीत म्हटलं, आणि ती नव्हतीच.

अर्थात विरोध सगळा तर्कशुद्ध नव्हता. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला या विषयावर परिसंवाद झाला. त्यानंतर छापलेल्या ग्रंथात शिकागोच्या रोलिन चेंबरलिन यांनी एक ऐकलेलं वाक्य नोंदवलं आहे, त्याचा आशय असा की वेगेनर खरा मानायचा तर गेल्या सत्तर वर्षांत शिकलेलं सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. हे वाक्य प्रामाणिक आहे. त्यात भीती आहे, आणि हिशोबही आहे: एवढं सगळं सोडायचं तर बदल्यात काय मिळणार? १९२६ मध्ये बदल्यात यंत्रणा मिळत नव्हती. वेगेनर १९३० च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर, मधल्या ठाण्यावर रसद पोचवून परतताना गेले. वय पन्नास. ते गेले खंडवहनासाठी, म्हणजे खंड सरकतात या सिद्धान्तासाठी नव्हे, हवामानाच्या मोहिमेवर. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्या मृत्यूला हौतात्म्याचा रंग देऊन गोष्ट फुलवली जाते.

दक्षिणेकडच्या भूशास्त्रज्ञांना मात्र खंडवहन तुलनेने लवकर पटलं. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर द्यु त्वा १९२३ मध्ये दक्षिण अमेरिकेत गेले आणि त्यांना घरचेच थर, त्याच क्रमाने, तिथे भेटले. हिमनदीचा थर, त्यावर कोळसा, त्यावर लाल वालुकाश्म, त्यावर बेसाल्ट. ज्याने दोन्हीकडचे खडक हातात धरले त्याला शंका राहणं अवघड होतं. ज्यांनी फक्त उत्तरेकडचे खडक बघितले त्यांना हे दुरून आलेल्या वर्णनासारखं वाटे. ब्रिटनमध्ये आर्थर होम्स यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुचवलं की पृथ्वीच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, उष्णतेने अतिमंद अभिसरण चालत असावं आणि वरचा भाग त्याच्याबरोबर वाहत असावा. बरोबर दिशेने टाकलेलं हे पाऊल होतं, पण त्याची परीक्षा करायला तेव्हा साधनच नव्हतं.

साधन आलं ते या भांडणाशी काहीही देणंघेणं नसलेल्या लोकांकडून. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत शिकवणारा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी प्रतिध्वनीची आणि चुंबकत्वमापनाची उपकरणं सुधारली. प्रिन्स्टनचे हॅरी हेस नौदलात जहाजाचे कप्तान होते आणि पॅसिफिकमध्ये फिरताना खोली मोजण्याचं यंत्र चालू ठेवायचे. युद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लामाँट वेधशाळेत मेरी थार्प जहाजांवरून आलेल्या खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकच्या तळाचे छेद काढत होत्या. त्या काळी बाईला संशोधन जहाजावर घेत नसत, म्हणून आकडे गोळा करायचे ब्रूस हीझन यांनी आणि कागदावर उतरवायचे थार्प यांनी. १९५२ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की महासागराच्या मधोमध जाणाऱ्या पर्वतरांगेच्या माथ्यावर, छेदामागून छेदात, एक खोल दरी दिसते आहे. जमीन ताणली जाऊन फाटते तेव्हा अशी दरी होते. हीझन यांनी ते बायकी बोलणं म्हणून उडवून लावलं, कारण ते मान्य केलं तर खंडवहन मान्य करावं लागणार होतं. शेजारच्या टेबलावर दुसरा एक सहकारी, हॉवर्ड फॉस्टर, समुद्राखालच्या तारांसाठी भूकंपांचे केंद्रबिंदू नकाशावर मांडत होता. दोन नकाशे एकावर एक ठेवले तेव्हा भूकंपांची रांग थेट थार्प यांच्या दरीतून गेली. हीझन यांना मानावं लागलं.

इकडे खडकांमधल्या जुन्या चुंबकत्वावर काम चालू होतं आणि त्यात मुंबईचा वाटा आहे. लाव्हा थंड होताना त्यातली लोहयुक्त खनिजं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. ती दिशा क्षितिजाशी किती कोन करते त्यावरून अक्षांश निघतो: विषुववृत्तावर कोन शून्य, ध्रुवावर नव्वद अंश. प्रत्यक्ष काम असं होतं. थरात जेमतेम अडीच सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल कापायचा. तो सुटण्याआधी त्याची दिशा आणि कल नोंदवायचा, आणि तोही सूर्याच्या सावलीवरून, कारण बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने साधं होकायंत्र त्याच्याजवळ फसवतं. मग प्रयोगशाळेत नंतर चिकटलेलं कमजोर चुंबकत्व पुसून मूळची दिशा शोधायची. मुंबईच्या अक्षांशावर, १९ अंश उत्तरेला, हा कोन सरासरी ३५ अंश आणि उत्तरेकडे खाली झुकलेला निघायला हवा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तसं निघत नाही. वरच्या, म्हणजे महाबळेश्वरच्या माथ्याकडच्या थरांत दिशा उत्तर-वायव्येकडे पण *वर* उचललेली असते, आणि खालच्या बहुतेक थरांत दक्षिण-आग्नेयेकडे खाली गेलेली. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव मधल्या काळात उलटले म्हणून दोन गट झाले, पण दोन्ही गट एकच सांगतात: लाव्हा वाहिला तेव्हा ही जमीन दक्षिण गोलार्धात, साधारण ३० अंशांवर होती, आणि तेव्हापासून ती डावीकडे थोडी वळलीही आहे.

हे मोजणाऱ्यांमध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा पॅट्रिक ब्लॅकेट यांचा गट होता; क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये भारतातल्या खडकांवरचा निबंध प्रसिद्ध केला. नंतर डॉइच यांच्यासोबत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या बेसाल्टवर सविस्तर काम केलं. हिशोब साधा आहे. ३० अंश दक्षिणेपासून १९ अंश उत्तरेपर्यंत ४९ अंश, एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे सुमारे ५,४०० किलोमीटर. लाव्हाचं वय ६.६ कोटी वर्षं. सरासरी वर्षाला आठ सेंटिमीटर. हा आकडा वर्गात फळ्यावर मांडला की मुलं एकदम गप्प होतात. ज्या कातळावर गडकोट उभे आहेत तो विषुववृत्त ओलांडून आलेला आहे.

तरीही १९५० च्या दशकात हे पुरेसं ठरलं नाही. खडकाचं चुंबकत्व नंतर बदललं नसेल कशावरून, पृथ्वीचं क्षेत्र तेव्हा दोनच ध्रुवांचं होतं कशावरून, असे प्रश्न होते आणि ते रास्त होते. निकाल लागला समुद्रात. १९६२ मध्ये हेस यांनी मांडलं की मधल्या पर्वतरांगांवर नवा समुद्रतळ तयार होतो, दोन्ही बाजूंना सरकतो आणि खोल खंदकांत परत पृथ्वीच्या पोटात जातो. यात जेफ्रीजच्या आक्षेपाचं उत्तर होतं. खंडांना कठीण तळ फोडत जायची गरजच नव्हती. ते तळाबरोबर वाहत होते. वेगेनरांची मूळ यंत्रणा खरोखरच चुकीची होती, आणि टीकाकारांनी ती धरून ठेवली म्हणूनच योग्य यंत्रणा शोधावी लागली.

पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी त्याची कसोटी सुचवली. पृथ्वीचे ध्रुव उलटत असतील आणि तळ मधून दोन्हीकडे पसरत असेल, तर पर्वतरांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे सारख्याच क्रमाने मिळायला हवेत. त्यांची माहिती आली होती कार्ल्सबर्ग रांगेवरून, म्हणजे आपल्या अरबी समुद्राच्या तळातून. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांना हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती, पण त्यांचा निबंध दोन नियतकालिकांनी परत पाठवला. व्हाइन-मॅथ्यूज छापून आले तेव्हाही फारशी खळबळ झाली नाही. मग एल्टानिन जहाजाने दक्षिण पॅसिफिकमधल्या रांगेवरून आडवं जाऊन केलेल्या मोजणीचा एक आलेख १९६६ च्या सुमारास लामाँटमध्ये समोर आला. त्याची डावी बाजू उलटी करून उजवीवर ठेवली तर शिखराला शिखर आणि दरीला दरी जुळत होती. ज्या संस्थेत खंडवहनाला सर्वांत कडवा विरोध होता तिथेच तो निघाला, आणि वर्षभरात तिथलं वारं फिरलं. १९६८ च्या अखेरीस ग्लोमार चॅलेंजर जहाजाने दक्षिण अटलांटिकचा तळ ठिकठिकाणी ड्रिल केला. रांगेपासून जेवढं दूर तेवढा तळ जुना, आणि तोही सारख्या प्रमाणात. अणुचाचण्या पकडायला जगभर बसवलेल्या भूकंपमापकांच्या जाळ्याने, ज्यातलं एक ठाणं पुण्याला होतं, भूकंपांच्या रांगा इतक्या स्वच्छ दाखवल्या की प्लेटच्या, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराच्या सरकत्या तुकड्यांच्या, कडा जणू आखून मिळाल्या.

आता मूळ प्रश्न, समज बदलते म्हणजे काय होतं. एक म्हणजे जुनी निरीक्षणं टाकून दिली जात नाहीत. इरईचे ओरखडे, कामठीची पानं, प्रॅटचे सेकंद, सगळं जागच्या जागी राहिलं, पण आता ते एकमेकांची साक्ष देऊ लागलं. आपल्याकडे अनेक देवघरांत शाळिग्राम असतो. त्यातलं चक्र हे अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या कवचाचा ठसा असतं आणि तो येतो हिमालयातल्या गंडकीच्या खोऱ्यातून. भारत आणि आशिया यांच्या मध्ये टेथिस समुद्र होता, भारत उत्तरेला जाऊन धडकला, समुद्राचा गाळ घडी पडून वर आला, एवढं सांगितलं की शाळिग्राम, हिमालयाची उंची, तिबेटचं पठार आणि दख्खनच्या बेसाल्टमधला चुंबकीय झुकाव या चार वेगळ्या प्रकरणांचं एकच प्रकरण होतं. दुसरं, काही प्रश्न सुटत नाहीत, ते विचारायचेच बंद होतात. गाळ साचणारा खोलगट पट्टा आपोआप उचलला जाऊन पर्वत का होतो, यावर माझ्या शिक्षकांच्या पिढीने परीक्षेत पानंच्या पानं लिहिली. आज तो प्रश्न कोणी घालत नाही. आणि तिसरं, जे गृहीत धरलेलं असतं ते निसटतं. समुद्राचा तळ सर्वांत जुना असणार असं सगळे मानत. तो निघाला फार तर १८ ते २० कोटी वर्षांचा, तर जमिनीवर कित्येक अब्ज वर्षांचे खडक आहेत.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे, कारण ‘वेगेनरलाही हसले होते’ हे वाक्य आज कुठल्याही निराधार दाव्याला ढाल म्हणून वापरलं जातं. टास्मानियाचे सॅम्युएल वॉरन केरी यांचं उदाहरण बघा. खंडवहन बदनाम होतं त्या काळात त्यांनी ते हिरिरीने शिकवलं, १९५६ मध्ये होबार्टला त्यावर परिसंवाद भरवला. ते बरोबर होते. मग त्यांनी म्हटलं की खंड दूर जातात कारण पृथ्वी फुगते आहे. तेही त्यांनी तितक्याच धैर्याने, तितक्याच विरोधात, आयुष्यभर मांडलं. ते चुकीचं निघालं. तळ जितका तयार होतो तितका खंदकांत जातो, हे भूकंपांनी दाखवलं. माणूस तोच, जिद्द तीच, विरोधही तसाच. दुसऱ्या बाजूला जेफ्रीज १९८९ मध्ये वारले तोवर त्यांनी प्लेटचा सिद्धान्त मानला नाही. म्हणून नाकारलं जाणं हा कशाचाच पुरावा नाही. मी विद्यार्थ्यांना एवढंच विचारायला सांगतो की या कल्पनेने असं काही सांगितलं आहे का, जे खोटं ठरलं असतं तर कल्पना पडली असती? व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सांगितलं होतं की पट्टे दोन्ही बाजूंना सारखे असतील. ते एका बाजूला वेगळे निघाले असते तर खेळ तिथेच संपला असता. आपल्याकडे पुराणातल्या उल्लेखांवरून आधुनिक शोध आधीच लागले होते असं सांगणारे लेख फिरतात. त्यांना हा प्रश्न विचारला की पुढे बोलणं होत नाही.

आणि क्रांती झाली म्हणजे सगळं कळलं असंही नाही. प्लेटच्या कडा आपल्याला उत्तम समजल्या आहेत, पोट, म्हणजे मधला भाग, अजून नीट समजलेलं नाही, आणि महाराष्ट्र पोटात आहे. द्वीपकल्प म्हणजे स्थिर ढाल, असं शिकवलं जायचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सहा रिश्टरच्या वरचा भूकंप झाला, नवा सिद्धान्त जगभर मान्य होत होता नेमक्या त्याच महिन्यांत. जलाशयाचं पाणी खोल भेगांत उतरून तिथला ताण सुटायला निमित्त होतं हे पुढे बऱ्यापैकी स्पष्ट झालं, पण तो ताण मुळात येतो कुठून, तर भारताची प्लेट आजही आशियावर रेटली जाते आहे त्यातून. जीपीएसने मोजलेला तिचा वेग वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला हजारो माणसं गेली. भूकंपाच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या नकाशातून ते क्षेत्रच काढून टाकलं आहे. सबंध प्लेट दाबाखाली असताना कोयना आणि किल्लारी इथेच ताण का सुटतो आणि शेजारच्या जिल्ह्यात का नाही, याचं समाधानकारक उत्तर अजून नाही. त्यासाठी कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल विवर घेतलं आहे. किलोमीटरभराहून जास्त जाडीचा बेसाल्ट ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो आणि भूकंप त्या खडकात होतात. त्यातून निघालेल्या कोअरवर (खडकाच्या दंडगोल नमुन्यांवर) कराडच्या प्रयोगशाळेत काम चालू आहे. भूशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी तिकडे जरूर लक्ष ठेवावं, कारण पुढचा मोठा प्रश्न आपल्या अंगणातला आहे आणि तो सोडवायला प्लेटच्या कडांवरची उत्तरं पुरणार नाहीत.